ट्रायपॉड घेऊन येळवशीला

आमच्या घरात दोन कॅमेरे आहेत आणि रात्रीचा फोटो कसा काढावा याबद्दल दोन मतं आहेत. एक मत माझ्या नवऱ्याचं, सुधीरचं. त्याचा चिपळुणात बत्तीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. कॅमेरा हातात धरायचा, कोपर बरगडीला टेकवायचं, श्वास रोखायचा आणि बटण दाबायचं. ट्रायपॉड लागतो तो हौशी लोकांना. दुसरं मत माझं. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, निवृत्तीनंतर मोबाइलवर व्हिडिओ बघून कॅमेरा शिकले. माझं म्हणणं असं, की अंधारात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढा वेळ कुणाचाही हात स्थिर राहत नाही, तीन पायांचा स्टँड राहतो. माझ्या ट्रायपॉडला सुधीर ‘तुझी घोडी’ म्हणतो आणि प्रवासात ती उचलायला नकार देतो.

हे भांडण निकालात काढायचं तर चांगला अंधार हवा. आमच्याकडे आकाश बघायचं म्हटलं तर आधी माडाच्या झावळ्या आड येतात, मग शेजाऱ्यांचा दिवा. अशात बालाजी सरांचा फोन आला. हे मूळचे बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावचे. अकरा वर्षं आमच्या शाळेत होते, मग बदली करून घेऊन आपल्या गावी गेले. म्हणाले, “बाई, यंदा येळवशीला याच. अमावास्या असते. अंधार पायजे तेवढा हाय आमच्याकडं.”

येळवस म्हणजे वेळ अमावास्या, मार्गशीर्षातली. त्या भागात हा शेतातला सण. आम्ही दोघं, दोन कॅमेरे आणि मी उचललेली घोडी, असे निघालो.

कपिलधार

बीडहून केजच्या रस्त्याला लागलं की थोडं आत वळून कपिलधार आहे. धबधबा, समाधी मंदिर, दर्शनाला येणारी माणसं. बालाजी सर गाडी घेऊन न्यायला आले होते, त्यांनीच वळवली. डिसेंबरात धबधब्याला पाणी ते किती असणार. दोन बारीक धारा खडकावरून उतरत होत्या आणि माणसं त्यांच्याकडे मोठ्या कौतुकानं बघत होती. चिपळुणात श्रावणात आमच्या न्हाणीघरामागे याहून मोठा धबधबा असतो आणि आम्ही त्याला शिव्या देतो. पण इथे त्या दोन धारांसमोर उभं राहिल्यावर मला माझ्या शिव्यांची थोडी लाज वाटली.

दिवस मावळत होता. मी ट्रायपॉड उघडला, पाय लांब केले, पातळी दाखवणारा बुडबुडा मध्ये आणला. पाच मिनिटांत माझ्याभोवती सात-आठ माणसं जमली. त्यातले एक फेटेवाले आजोबा पुढे झाले आणि शांतपणे म्हणाले, “बाई, मोजणी कावून करायलाव?”

कावून म्हणजे कशासाठी. मी म्हटलं, जमिनीची मोजणी नाही, फोटो काढतेय. ते त्यांना पटलं नाही. फोटो तर आता सगळेच फोनवर काढतात, त्याला तीन पाय कशाला लागतात. रस्ता रुंद होणार आहे का, कुणाचं वावर जाणार आहे, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. मी बुडबुडा दाखवला, तर संशय आणखी वाढला. मोजणीवाल्यांकडेही असाच असतो म्हणे. सुधीर तोवर हातात कॅमेरा घेऊन खडकावर हवा तिथे फिरत होता आणि त्याला कुणी काही विचारत नव्हतं. शेवटी बालाजी सरांनी माझी हमी घेतली, की या बाई मास्तरीण आहेत आणि यांना जमिनीतलं काही कळत नाही. तेव्हा कुठे आजोबा हसले. मी त्यांचा फोटो काढला. आठ सेकंद हलू नका म्हटलं तर ते शेवटच्या सेकंदाला शिंकले.

गाडीत सुधीरनं ही गोष्ट मला केजपर्यंत तीनदा सांगितली. मी समोर असूनही.

युसूफ वडगाव, आदली रात्र

बालाजी सरांच्या घरी त्यांचे वडील अण्णा, आई आणि पुतणी ऋतुजा. ऋतुजा तिसरीत. तिचे आईवडील, म्हणजे सरांचा धाकटा भाऊ गोविंद आणि त्याची बायको, ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. दिवाळीनंतर जातात, उन्हाळा लागता लागता येतात. सरांच्या घरात पूर्वी सगळेच जायचे. सर शिकले म्हणून सुटले, असं ते स्वतःच साध्या आवाजात सांगून गेले.

रात्री येसराची आमटी होती. भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ लावलेली, दाट, तिखट. बरोबर ज्वारीच्या भाकरी. आम्ही दोघं भाताची माणसं. सुधीरनं दुसऱ्या भाकरीनंतर हळूच इकडेतिकडे बघितलं, तेव्हा सरांच्या आईंनी, ज्यांना मी मावशी म्हणू लागले होते, त्याच्या ताटात तिसरी भाकरी टाकली. भात मागण्याचं त्याचं धैर्य झालं नाही.

मी मात्र जेवताना म्हटलं, “सुधीर, पाणी दे रे जरा.” मावशी भाकरी थापायच्या थांबल्या. नवऱ्याला नावानं हाक, तीही ‘अरे’ करून. त्यांनी मला बाजूला नेऊन हळू आवाजात विचारलं, की तुमच्या कोकणात सगळ्याच असं बोलतात का. मी म्हटलं, सगळ्या नाही, पण आमच्याकडे चालतं. त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “आमी तर पन्नास वर्सं नावच घेतलं न्हाई. उखाण्यात घेतलं तेवढंच.” दुसऱ्या दिवसापासून त्या सुधीरकडे थोड्या दयेनं बघू लागल्या.

जेवणानंतर आम्ही गच्चीवर गेलो. चंद्र नव्हताच. वीजही गेली होती, त्यामुळे गावातला शेवटचा दिवाही नाही. इतके तारे मी यापूर्वी फक्त भूगोलाच्या पुस्तकात शिकवले होते. मी घोडी लावली, वीस सेकंदांचे फोटो काढले. प्रत्येक तारा टाचणीच्या टोकासारखा आला. सुधीर कठड्याला टेकून हातात कॅमेरा धरून काढत होता. एक काढला, बघितला, पुसला. दुसरा काढला, पुसला. लेन्सवर दव आलंय म्हणाला. दव नव्हतं. मग थंडी म्हणाला. मग तिसऱ्या भाकरीवर घातलं. मी हसत होते, बोलतही होते. कठड्याजवळ जाऊन त्याचा चेहरा बघितला आणि गप्प बसले.

पहाटे तीनला मला भांड्यांच्या आवाजानं जाग आली. येळवशीचा स्वयंपाक रात्रीतूनच सुरू होतो. वाटाणा, वाल, तुरीचे दाणे, हिरवा हरभरा, चिंच आणि बेसन घालून मोठ्या पातेल्यात भज्जी शिजत होती. बाजरीचे उंडे म्हणजे वाफवलेले गोळे, ताकातली आंबील, खीर. वीज अजून आली नव्हती. चुलीशेजारी माझा ट्रायपॉड उभा होता आणि त्याच्या डोक्यावर मावशींनी सुतळीनं बॅटरी बांधून उजेड थेट पातेल्यात पाडला होता. सुधीर दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, घोडीला शेवटी योग्य काम मिळालं.

येळवस

सकाळी सगळं गाव शेतात गेलं. दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा नाहीत. डोक्यावर टोपल्या, हातात आंबिलाची मडकी. वावरात ज्वारीच्या ताटांची कोप बांधलेली असते, म्हणजे खोपटं. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, त्यांना पांडव म्हणतात. त्यांची पूजा करून अण्णांनी आंबील शिंपडत पिकाभोवती फेरी घातली.

मी सरांना म्हटलं, कोप किती सुंदर बांधलीय. ते म्हणाले, आमच्याकडे देवासाठी एक दिवस कोप असते. गोविंद पाच महिने कोपीतच राहतो.

मग जेवण. बांधावरून कुणीही जाताना दिसलं की अण्णा हाक मारायचे आणि तो माणूस येऊन बसायचा. दुपारपर्यंत आमच्या पंगतीला दोन अनोळखी मोटारसायकलवाले आणि एक शेळ्या राखणाऱ्या बाई जेवून गेल्या. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी फोन, मग दुसरा फोन, मग किती माणसं हे विचारायचं. सुधीरनं भज्जी तीनदा घेतली. भात नसल्याची तक्रार पुन्हा ऐकू आली नाही.

जेवणं चालू असतानाच गोविंदचा फोन आला. त्यांनाही आज अर्धा दिवस सुट्टी होती. आवाज तुटत होता. बोलणं सगळं हेंडग्याबद्दल. हेंडगा म्हणजे कडब्याची मशाल. अंधार पडला की ती पेटवून गव्हाभोवती पळत फेरी मारायची, म्हणजे पिकावरची कीड जाते. दर वर्षी गोविंद पळायचा. तोडीवरून एक दिवसाची रजा काढून यायचा. यंदा मुकादमानं सोडलं नाही, अण्णांचे गुडघे चालत नाहीत आणि बालाजी सरांच्या पळण्यावर कुणाचा विश्वास नव्हता. तेव्हा अण्णांनी ठरवलं होतं, की गोविंदच्या जागी ऋतुजा पळेल.

फोनवर गोविंदनं आमच्याशीही बोलायचं म्हटलं. सुधीरनं फोन घेतला. गोविंद म्हणाला, “साहेब, तुमी मोठे फोटोवाले हाव म्हनं. पळतानाचा काढा. पर तिचं तोंड नीट दिसलं पायजे. लई दिवस झाले बघून.”

सुधीरनं शब्द दिला. बत्तीस वर्षांत एकाही लग्नातला हार घालतानाचा फोटो चुकवला नाही, हेही त्याला सांगितलं. मी म्हटलं, दोघं काढू, कुणाचा तरी चांगला येईल. सुधीरनं माझ्याकडे बघितलं नाही.

सूर्य गेल्यावर आम्ही जागा धरल्या. मी गव्हाच्या कोपऱ्यावर ट्रायपॉड लावला. सुधीर बांधावर हातात कॅमेरा घेऊन उभा राहिला. मी त्याला आयएसओ वाढवायला सांगितलं, म्हणजे कमी उजेडातही शटर झटकन मिटेल. त्यानं ऐकलं नाही. तसं केलं की फोटोत वाळूसारखे दाणे येतात आणि दाणे आलेला फोटो त्याच्या स्टुडिओतून कधी बाहेर गेला नव्हता.

अंधार दाटला. अण्णांनी हेंडगा पेटवून ऋतुजाच्या हातात दिला. तिच्या उंचीएवढा. ती एक क्षण थांबली आणि मग जी सुटली, ती दोन्ही हातांनी जाळ उंच धरून, गव्हाच्या कडेकडेनं, ओरडत. मागून अण्णा, मावशी, सर सगळे ओरडत होते. आजूबाजूच्या वावरांतही जाळ पळत होते, लांबपर्यंत. मी बटण दाबून फक्त बघत राहिले. फेरी संपली, जाळ विझला, ऋतुजा धापा टाकत माझ्यापाशी आली.

माझ्या पडद्यावर फार सुरेख फोटो होता. काळ्या शेताभोवती सोनेरी रेघ, वर तारे. स्पर्धेला पाठवावा असा.

ऋतुजानं तो नीट बघितला. “मी कुठंय?”

ती कुठेच नव्हती. फेरी संपेपर्यंत शटर उघडं, त्यात पळणारं माणूस पुसलं जातं. पुस्तकात हे लिहिलेलं असतं आणि मला पाठ होतं. पण तिच्या वडिलांनी काय मागितलं होतं, ते मी सोनेरी रेघेच्या नादात विसरले होते.

ती सुधीरकडे वळली. सुधीर कॅमेरा बंद करून उभा होता. मी जाऊन तो घेतला आणि चालू केला. सहा फोटो. सहाही फोटोंत ऋतुजाला तीन-तीन डोळे आणि दोन नाकं. मागची बाभळही, जी पळत नव्हती, तीसुद्धा हललेली.

सगळे कोपीकडे गेले होते. आम्ही दोघंच बांधावर. सुधीर म्हणाला, “दोन वर्षं झाली. हात राहत नाही.”

“माहीत आहे मला.”

“कसं?”

“तुझ्या शर्टावरचे चहाचे डाग कोण काढतं?”

तो हसला नाही, पण खाली बसला. डॉक्टरकडे गेला होता का, विचारलं. नव्हता गेला. स्टुडिओ का बंद केला, तेही मला त्या बांधावर नीट कळलं. मला तो आजवर सांगत होता, की लोक आता फोनवर फोटो काढतात म्हणून. मी त्याच्याशेजारी बसले. घोडीवरून त्याची आणि माझी जी थट्टा चालते, तिच्यात मी गेली दोन वर्षं विचार न करता कुठे बोट ठेवत होते, याचा हिशेब मनात सुरू झाला. तो मी तिथेच थांबवला, कारण सुधीरला कीव केलेली चालत नाही.

तेवढ्यात अण्णा काठी टेकत आले. बालाजी सरांनी त्यांना फोटो न आल्याचं सांगितलं होतं. मला वाटलं, आता गोविंदला काय सांगायचं याबद्दल काही बोलतील. त्यांच्या काखेत कडब्याची दुसरी पेंढी होती.

ते म्हणाले, “देवाचा झाला. आता ह्यो गोविंदाचा.”

सुधीर उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “घोडी आण.”

त्यानंतर जे झालं ते मी नुसतं बघितलं. हा माणूस एकदम पुन्हा स्टुडिओवाला झाला. त्यानं आपला कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला, पाय आखूड केले, लेन्स ऋतुजाच्या उंचीला आणली. सरांना बॅटरी घेऊन तिच्या तोंडावर उजेड पाडायला सांगितलं, फोकस धरला, बॅटरी विझवायला लावली. मग ऋतुजाला जवळ बोलावून विचारलं, की शाळेत स्टॅच्यू खेळता का. खेळतात. मग त्यानं समजावलं, की तू पळत यायचं, अगदी मघासारखं, आणि या दगडापाशी आलीस की मी स्टॅच्यू म्हणेन. मग काही झालं तरी हलायचं नाही. तिला हे फार आवडलं. अर्धा सेकंद मुलगी स्थिर राहिली की पुरे, असं तो मला म्हणाला. कॅमेऱ्याचं काम घोडी करेल, जाळ हलला तर हलू दे.

दुसरा हेंडगा पेटला. ऋतुजा ओरडत निघाली. मी बाजूला उभी होते, सुधीर कॅमेऱ्यावर वाकला होता, हात मात्र मागे बांधलेले, फक्त कॅमेऱ्याला जोडलेल्या वायरचं बटण एका मुठीत. ती दगडापाशी आली आणि त्यानं मोठ्यानं हाक दिली.

ऋतुजा जागच्या जागी थिजली. आणि सांगायचं राहिलंच, की बाकी सगळ्यांना कुणी काही समजावलं नव्हतं. हाक ऐकून सगळेच थांबले. अण्णांची काठी हवेत. मावशींचा घास तोंडापाशी. बालाजी सर पळत येत होते, ते एका पायावर. शेजारच्या बांधावरून बघायला आलेली दोन माणसंही तशीच.

फोटोत जाळ मऊ, पसरलेला आहे. त्याच्याखाली ऋतुजा, तोंड भरून हसणारी, कपाळावरचा घाम आणि पापण्यासुद्धा दिसतात. मागे सगळं घर जिथल्या तिथे थांबलेलं.

सरांनी फोटो फोनवर घेतला. वावरात नेटवर्क फक्त विहिरीपाशी येतं, म्हणून आम्ही सगळे विहिरीपाशी जाऊन उभे राहिलो. गेला. दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काही नाही. सुधीर म्हणाला, दाणे आले असतील थोडे. मी म्हटलं, गप्प बस.

फोन वाजला. सरांनी आवाज मोठा केला. गोविंद होता. मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, “मला दावा की.” मग तो म्हणाला,

“तिचा वरचा दात कवा पडला?”

मावशींनी तोंडाला पदर लावला. सांगायचं राहून गेलं होतं. रोज फोन होतो, पण दाताचं कुणाला सुचणार. आम्हीही दोन दिवस तिच्याबरोबर होतो. ती हसताना तोंडावर हात धरायची, मला वाटलं लाजते.

“लई दिवस झाले,” ऋतुजा म्हणाली. “त्याच्या शेजारचाबी हालायलाय.”

पलीकडे कोपीतली भांडी वाजल्यासारखा आवाज आला.

“त्यो पाडू नको,” गोविंद म्हणाला. “मी येईस्तोर राहू दे.”

तिनं हो म्हटलं. परत येताना सुधीर पुढे बसला, ट्रायपॉड त्याच्या मांडीवर आडवा. मागे ऋतुजा माझ्याशेजारी होती. रस्ता खराब, गाडी फार आदळत होती. मी बघितलं, तर ती वडगावपर्यंत बोटानं दात धरून बसली होती.